काहीतरी कारण असणारच ना!

प्रश्न : ताई, माझा मुलगा इथे अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. इराक युद्धावर निबंध लिहायचा होता, म्हणून त्याने आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना विचारलं की २००३ मध्ये अमेरिकेने हे युद्ध का केलं. बाबा म्हणाले, ‘सद्दामकडे महासंहारक शस्त्रं होती म्हणून. आपलं सैन्य पोचायच्या आत त्याने ती सीरियात हलवली.’ मुलाने सरकारी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि म्हणाले, ‘सापडली नाहीत असं लिहिलंय. नव्हती असं कुठे लिहिलंय?’ दोन दिवस आजोबा-नातू एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा निवृत्त इंजिनीअर आहेत, नागरिकत्व मिळाल्यापासून रिपब्लिकन पक्षालाच मत देतात. आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस पुराव्यापुढे असा का वागतो?
— एक सून, टेक्सास

उत्तर : त्यांनी अहवाल सावकाश वाचला, ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. न वाचता बाजूला सारणारा माणूस वेगळा. यांनी वाचला, त्यातलं एक वाक्य मान्य केलं आणि त्याच्या शेजारी स्वतःचं एक वाक्य ठेवलं. बहुतेक शहाण्या माणसांचं असंच होतं.

आधी अहवालाचं बोलू. युद्ध २० मार्च २००३ ला सुरू झालं आणि पुढे ‘इराक सर्व्हे ग्रुप’ या पथकाने शस्त्रांसाठी तो देश पालथा घातला. पथकाचे प्रमुख चार्ल्स डुल्फर यांचा अहवाल ऑक्टोबर २००४ मध्ये बाहेर आला. त्यात ‘सापडली नाहीत’ एवढंच म्हटलेलं नाही. इराकने लपवून ठेवलेला रासायनिक शस्त्रांचा साठा १९९१ मध्येच नष्ट केला होता, अणुकार्यक्रमही त्याच वर्षी थांबला आणि तो नव्याने उभा करण्याचा संघटित प्रयत्न झाल्याचा पुरावा मिळाला नाही, असं त्यात स्पष्ट आहे. निर्बंध उठले की पुन्हा सुरुवात करावी अशी सद्दामची इच्छा होती, हेही त्यात आहे. मुलाने निबंधात ते गाळू नये. सीरियाचा मुद्दा २००५ च्या पुरवणीत येतो. सरकारी पातळीवर शस्त्रं सीरियात हलवली गेली असण्याची शक्यता कमीच, मात्र थोडंफार सामान चोरवाटेने गेलंच नसेल अशी खात्री देता येत नाही, असा तपासनिसांचा निर्वाळा आहे. प्रामाणिक तपासनीस असंच लिहील. बाबांची सगळी समजूत त्या शेवटच्या, एवढ्याशा फटीवर उभी आहे.

इलिनॉयमधल्या काही राज्यशास्त्रज्ञांनी युद्ध सुरू असतानाच विद्यार्थ्यांच्या एका गटाला ठरावीक काळाने तेच ते प्रश्न विचारले होते. २००७ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. शस्त्रं सापडली नाहीत ही बातमी कट्टर रिपब्लिकन विद्यार्थ्यांपर्यंतही पोचली होती आणि त्यांनी ती नाकारली नव्हती. का सापडली नाहीत, असं विचारल्यावर मात्र वाटा फुटल्या. डेमोक्रॅट म्हणाले, नव्हतीच. रिपब्लिकन म्हणाले, हलवली असतील, ऐन वेळी नष्ट केली असतील किंवा अजून सापडायची असतील. मृत सैनिकांच्या आकड्याचंही तेच झालं. आकडा वाढतोय हे दोन्हीकडच्यांना ठाऊक होतं. तो ‘फार मोठा’ की ‘बेताचा’ हे ज्याने त्याने आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवलं. तुमच्या घरातही माहिती दोघांकडे एकच आहे. भांडण तिच्या अर्थावर झालंय.

आता ‘का’ याकडे येते. २००४ मध्ये मी ओहायोत राहत होते आणि संध्याकाळी एका जनमत चाचणीसाठी फोनवरून मुलाखती घेत होते. कानाला हेडफोन, समोर पडदा आणि एकच नियम : प्रश्न छापलाय तसा वाचायचा, उत्तरावर ‘हं’देखील करायचं नाही. सद्दाम आणि ११ सप्टेंबरचे हल्ले यांचा संबंध होता का, हा प्रश्न त्या यादीत होता. ऑक्टोबरमध्ये एका बाईंनी हा प्रश्न ऐकला आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, ‘काहीतरी कारण असणारच ना. नाहीतर त्यांनी माझ्या मुलाला तिकडे कशाला पाठवलं असतं?’ त्यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये होता. पडद्यावर ‘हो’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’ असे तीन चौकोन. मी ‘हो’वर खूण केली. ते उत्तर ‘हो’ नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढे २००९ मध्ये समाजशास्त्रज्ञ मोनिका प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. सद्दाम आणि ११ सप्टेंबर यांचा संबंध आहे असं मानणाऱ्या बुश समर्थकांना त्यांनी समोर बसवून मुलाखती घेतल्या. असा संबंध असल्याचा पुरावा नाही, हे ११ सप्टेंबर आयोगाचं म्हणणं आणि खुद्द बुश यांचं विधान त्यांना दाखवलं. बहुतेकांची मतं ढळली नाहीत. कुणी विषय बदलला, कुणी म्हणालं की त्याचा संबंध नसला तरी तो वाईट होताच. काहींच्या विचारांची दिशा मात्र त्या ओहायोच्या बाईंसारखीच होती : ज्या अर्थी देश युद्धात उतरलाय, त्या अर्थी कारण असलंच पाहिजे. आपण समजतो की माणूस आधी कारणं तपासतो आणि मग युद्धाला पाठिंबा देतो. इथे पाठिंबा आधी आहे, आणि तो कारणाला हाताला धरून मागून ओढत आणतो. ज्यांचा सरकारवर विश्वास होता त्यांनी असा विचार करणं मला मूर्खपणाचं वाटत नाही. सरकारकडे आपल्याला न दिसणारे कागद असतात, हे खरंच आहे. बाबांनी विश्वास ठेवला, आणि ज्यांच्यावर ठेवला त्यांनी तो नीट सांभाळला नाही. माझा राग त्यांच्यावर आहे, बाबांवर नाही.

प्रश्न : पण ताई, हे लोक बातम्या बघत नव्हते का? की बातम्यांमुळेच असं झालं?
— एक पत्रकारितेची विद्यार्थिनी

उत्तर : दोन्ही. मेरीलँड विद्यापीठाच्या एका संशोधन गटाने २००३ च्या उन्हाळ्यात तीन चुकीच्या समजुती तपासल्या. एक, सद्दाम आणि अल कायदा यांच्यातल्या साटेलोट्याचा पुरावा सापडलाय. दोन, इराकमध्ये शस्त्रं सापडली आहेत. तीन, जगातलं जनमत अमेरिकेच्या बाजूने आहे. ६० टक्के लोकांच्या मनात यातली निदान एक तरी समजूत होती. मुख्यतः फॉक्स न्यूज बघणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होतं, सार्वजनिक रेडिओ आणि दूरदर्शनवर भिस्त ठेवणाऱ्यांमध्ये २३ टक्के. एकही चुकीची समजूत नसलेल्यांपैकी २३ टक्के लोकांचा युद्धाला पाठिंबा होता, तिन्ही असलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा. राजकीय कल सारखा असलेल्यांमध्येही वाहिनीने फरक पडत होता. पण माणूस वाहिनी निवडतो तीही बरेचदा आपला कल बघूनच, त्यामुळे अंडं आधी की कोंबडी हा प्रश्न पूर्ण सुटत नाही.

सरकारने काय केलं तेही बघायला हवं. ११ सप्टेंबरचा हल्ला सद्दामने घडवला, असं वाक्य बुश यांनी कधी उच्चारलं नाही. पण सद्दाम, दहशतवाद आणि ११ सप्टेंबर हे शब्द त्यांच्या भाषणांत इतके लागोपाठ येत, की ऐकणाऱ्याच्या मनात जोडणी आपोआप व्हायची. ऑगस्ट २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीत ६९ टक्के अमेरिकनांना या हल्ल्यांत सद्दामचा वैयक्तिक हात असणं शक्य वाटत होतं. नंतर १७ सप्टेंबरला बुश यांनी स्वतः सांगितलं की असा कुठलाही पुरावा आमच्याकडे नाही. हेच वाक्य त्यांनी फेब्रुवारीत का सांगितलं नाही, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

एक गोष्ट तुमच्या अभ्यासासाठी. वेळ जाईल तसा गैरसमज विरतो, असं धरून चालू नका. हॅरिस संस्थेच्या चाचणीत ‘इराककडे महासंहारक शस्त्रं होती’ असं मानणारे फेब्रुवारी २००५ मध्ये ३६ टक्के होते, जुलै २००६ मध्ये ५० टक्के झाले. मधल्या काळात, जून २००६ मध्ये, रिक सँटोरम आणि पीट होक्स्ट्रा या दोन रिपब्लिकन लोकप्रतिनिधींनी जाहीर केलं होतं की इराकमध्ये रासायनिक शस्त्रं सापडली. सापडले होते ते सुमारे पाचशे जुने, गंजके तोफगोळे, १९९१ च्या आधीचे. ज्या चालू कार्यक्रमाच्या नावाने युद्ध झालं त्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. गोळे खरे होते, त्यातल्या विषाने पुढे काही अमेरिकी सैनिकांना इजाही झाली. म्हणून ही बातमी साफ खोटी म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती इतकी टिकली.

प्रश्न : तुमचा स्तंभ मी बरीच वर्षं वाचतो. तुमचा कल कुठे आहे हे लपत नाही. रिपब्लिकन तेवढे अंधभक्त आणि डेमोक्रॅट सगळे सत्यशोधक, असं तुम्हाला म्हणायचंय का? डेमोक्रॅटांनीही या युद्धाच्या बाजूने मतं दिली होती, हे तुम्ही सांगत नाही.
— एक नाराज वर्गणीदार

उत्तर : सांगते, आणि तुम्ही विचारलंत हे बरं झालं. माझा कल डेमोक्रॅट बाजूला आहे. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभर युद्धविरोधी मोर्चे निघाले, त्यातल्या एकात मीही होते.

ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना लष्करी कारवाईचा अधिकार दिला. ५० डेमोक्रॅट सिनेटरांपैकी २९ जणांनी बाजूने मत दिलं. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन त्यांत होते. प्रतिनिधिगृहात मात्र डेमोक्रॅटांचं बहुमत विरोधात होतं. त्याही मागे जा. सद्दामची राजवट उलथणं हे अमेरिकेचं धोरण आहे, असं सांगणारा कायदा १९९८ चा. त्यावर सही बिल क्लिंटन यांची आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी शस्त्रांचं कारण देऊन इराकवर चार दिवस बॉम्बफेक केली, तेव्हा शंका घेणारे आवाज रिपब्लिकन बाकांवरून आले होते.

कोसोवो तर आमच्यासारख्यांना आरसाच दाखवतो. तिथल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवायचे म्हणून मार्च १९९९ मध्ये नाटोने युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले सुरू केले. ते ७८ दिवस चालले. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती. एप्रिलच्या अखेरीस या हल्ल्यांना पाठिंबा देणारा ठराव प्रतिनिधिगृहात आला. बहुसंख्य डेमोक्रॅट बाजूने, बहुसंख्य रिपब्लिकन विरोधात, मतं २१३ विरुद्ध २१३, आणि ठराव पडला. राष्ट्रहित कुठे आहे, बाहेर पडायचा मार्ग कोणता, असं तेव्हा रिपब्लिकन विचारत होते. चार वर्षांनी हेच प्रश्न डेमोक्रॅट विचारू लागले. मी स्वतः २००३ मध्ये ‘सुरक्षा परिषदेच्या मंजुरीविना युद्ध बेकायदा आहे’ असा फलक धरून चालले होते. १९९९ मध्ये मी असा फलक धरला नव्हता. का, याचं उत्तर देताना मी वांशिक हत्याकांडाचा दाखला देते, आणि तो मला आजही पटतो. पण मला तो त्या वेळी इतक्या सहज पटला, त्यात व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय याचा वाटा किती होता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आणखी एक कबुली. नोव्हेंबर २००३ मध्ये थँक्सगिव्हिंगला बुश अचानक बगदादला गेले आणि टर्कीचं मोठं ताट हातात धरलेला त्यांचा फोटो जगभर छापून आला. ती टर्की प्लास्टिकची होती, असं मी कित्येक महिने मानत होते आणि लोकांना सांगतही होते. टर्की खरी होती. ती सजावटीसाठी मांडलेली होती आणि सैनिकांना जेवण दुसरीकडून वाढलं गेलं, एवढंच खरं. ‘शोभेची’ या शब्दाचं वाटेत ‘प्लास्टिकची’ झालं. न्यूयॉर्क टाइम्सलाही २००४ मध्ये दुरुस्ती छापावी लागली. मी ती वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : ‘असेल, पण सगळं नाटकच तर होतं.’ तुमच्या लक्षात येईल, की वरच्या पत्रातल्या बाबांचं वाक्य आणि माझं हे वाक्य एकाच घडणीचं आहे.

‘बुश यांना शस्त्रं नाहीत हे ठाऊक होतं आणि तरी ते खोटं बोलले’, हेही मी बरीच वर्षं असंच ठासून म्हणत असे. आता तसं म्हणत नाही. इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत, असा अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचा ऑक्टोबर २००२ चा अंदाज खरोखरच होता. अणुकार्यक्रमाबाबत मात्र परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर विभागाने लेखी असहमती नोंदवली होती, आणि जनतेसमोर येताना अशा शंका गळून पडल्या. इराकच्या नायजरमधल्या कथित युरेनियम खरेदीची कागदपत्रं बनावट आहेत, हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या एल बारादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत सांगितलं. युद्धाला तेव्हा दोन आठवडेही उरले नव्हते. संयुक्त राष्ट्रांचे मुख्य शस्त्रतपासनीस हान्स ब्लिक्स यांनी तपासणीसाठी आणखी काही महिने मागितले होते, तेही दिले नाहीत. नसलेली खात्री असल्याचं भासवणं हा गुन्हा माझ्या लेखी पुरेसा मोठा आहे. जवळपास ४,५०० अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक यात गेले. त्या गुन्ह्याला मी जास्तीचं विशेषण लावलं की माझी बाजू बळकट होत नाही, हे कळायला मला वेळ लागला.

प्रश्न : मग मन कधी बदलतच नाही का? पुरावे दाखवले की लोक उलट जास्त हट्टी होतात, असं मी वाचलंय.
— नाव नको

उत्तर : तुम्ही वाचलंत ते ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांच्या २०१० मधल्या शोधनिबंधावरून आलं असावं. शस्त्रं सापडली नाहीत ही दुरुस्ती वाचल्यावर काही परंपरावाद्यांचा शस्त्रांवरचा विश्वास वाढला, असं त्यांना एका प्रयोगात दिसलं. पण त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात ते पुन्हा तसं दिसलं नाही. उदारमतवाद्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. बुश यांनी मूलपेशी संशोधनावर ‘बंदी’ घातली, ही समजूत दुरुस्त करून पाहिली, तर उदारमतवाद्यांवर त्या दुरुस्तीचा परिणाम झाला नाही. बंदी नव्हती, निर्बंध सरकारी निधीपुरते होते. नंतर थॉमस वूड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, पन्नासहून अधिक विषय घेऊन तपासलं. उलटा परिणाम जवळपास कुठेच आढळला नाही. लोक तथ्यं बऱ्यापैकी स्वीकारतात. त्यावर उभारलेलं मत मात्र जागचं हलेलच असं नाही.

हलतं कधी, तर आपल्याच गोटातला माणूस बोलला की. १३ फेब्रुवारी २०१६ ला साउथ कॅरोलायनातल्या रिपब्लिकन वादचर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांनी बुश यांचे भाऊ आणि प्रतिस्पर्धी उमेदवार जेब बुश यांच्या तोंडावर सांगितलं की शस्त्रं नव्हती आणि सरकार खोटं बोललं. सभागृहात हुर्यो उडाली. आठवड्याभराने त्याच राज्यात ट्रम्प जिंकले. दहा वर्षांपूर्वी डेमोक्रॅटच्या तोंडून हेच वाक्य देशद्रोह ठरलं असतं.

म्हणून टेक्सासच्या ताईंना पुन्हा एक गोष्ट सांगते. मुलाने आजोबांशी ‘शस्त्रं होती की नव्हती’ हा वाद आता थांबवावा. त्याऐवजी विचारावं : तेव्हा तुम्ही कोणाचं ऐकून ठरवलंत? बहुधा ते बुश यांचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं नाव घेतील. ५ फेब्रुवारी २००३ ला सुरक्षा परिषदेत हातात छोटी कुपी धरून बोलणारे पॉवेल त्या पिढीतल्या अनेकांना पटले होते. त्यांनीच २००५ च्या मुलाखतीत त्या भाषणाला आपल्या कारकिर्दीवरचा डाग म्हटलं. पण २००८ मध्ये पॉवेल यांनी ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा बाबांच्या मनातून ते आधीच उतरले असतील.

मग डेव्हिड के यांच्याकडे वळा. शस्त्रं आहेत अशी पक्की खात्री बाळगून हा माणूस इराकमध्ये गेला, डुल्फर यांच्या आधी त्याच पथकाचा प्रमुख होता, आणि तिथून परतल्यावर २८ जानेवारी २००४ ला सिनेटच्या समितीपुढे म्हणाला की आम्ही जवळजवळ सगळेच चुकलो, आणि त्यात मीही आहे. त्या दिवसाचं कामकाज शब्दशः छापलेलं आहे. दोघांनी एका टेबलाशी बसून ते वाचावं. मोठ्याने वाचायला आजोबांनाच सांगा.